हो बाई, कळलं

चित्रकलेच्या बाईंनी नेमका सहलीच्या आदल्या दिवशी पाय मोडून घेतला आणि एकतीस पोरं माझ्या गळ्यात पडली. मी गणिताची! मुख्याध्यापकांनी हातात फॉर्म दिला. "मुलांना काय कळलं ते लिहून आणा. काहीच कळलं नसेल, तर सोमवारपासून चित्रकलेचा तास तुम्हाला." खोटं कशाला बोलू, मला तो तास हवाच होता. माझे अपूर्णांक अजून संपायचे होते.

आधुनिक कलेचं संग्रहालय. पहिल्याच दालनात चौदा खुर्च्या दोरीनं बांधून छताला टांगलेल्या. खाली पाटी, 'शीर्षक नाही'. घ्या! करणाऱ्यालाच ठाऊक नाही, तर मी काय कपाळ समजावणार?

तरी सवयीनं विचारलं, "कळलं का?"

माझ्या वर्गात याला एकच उत्तर असतं, तेही एका सुरात: "हो बाई!" एकोणीस वर्षं ऐकतेय.

"नाही बाई!" पोरं ओरडली, आणि चक्क खुशीत. रखवालदारानं तोंडावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दालनात तेच, तिसऱ्यात तेच. तास माझ्या खिशात आल्यातच जमा होता, पण डोकं पार चक्रावलं होतं. काही कळत नाही म्हणतात आणि हलतही नाहीत! खुर्च्यांखाली उताणी पडून काय बघत होती कोण जाणे.

शेवटी दाराशी ओळ लावून मोजली. तीस. पुन्हा मोजली, तीसच. आमची गोगलगाय नव्हती. वर्गात प्रत्येक गणिताला मागे राहते, म्हणून मीच तिला ते नाव दिलेलं.

धावत मागे गेले. ती एका भिंतभर करड्या चित्रासमोर उभी होती. नुसतं करडं, दुसरं काही नाही.

"अगं, काय कळलं तुला यात?"

"काही नाही."

"मग बघतेस काय एवढा वेळ?"

"कळलं नाही म्हणून बघतेय. वर्गात नाही म्हटलं की तुम्ही चिडता, हो म्हटलं की पुढे जाता. हे चित्र थांबतं, बाई."

म्हणजे एकोणीस वर्षं...? मी तिच्याशेजारी उभी राहिले. मलाही ओ की ठो कळलं नाही.

बसमध्ये फॉर्म भरला. 'काहीच कळलं नाही. म्हणून पुन्हा न्यावं लागेल. चित्रकलेचा तास बाईंकडेच राहू द्या.'

सोमवारी फळ्यावर अपूर्णांक मांडला. "कळलं का?"

"हो बाई!"

मी खडू ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. "आता खरं सांगा. मी थांबलेय."