मले उठवू नको

‘दुपारचे तीन’ हा नागपूरच्या चार पोरांचा बँड. तीन अल्बम काढले आणि थांबला. भांडण नाही, काही नाही. एक नोकरीला पुण्याला गेला, एकाने बापाचं दुकान धरलं, झालं. मागे राहिले ते ऐकणारे. त्यांच्यातल्या संघपाल नावाच्या एका शिक्षकाने इन्स्टाग्रामवर पान काढलं आणि वर लिहिलं: एक अल्बम घ्या, तो तुमच्या आयुष्यात कुठे वाजला ते सांगा. समीक्षा नको, ती आम्हाला कळत नाही.

लोकांनी भरभरून लिहिलं. कळमेश्वरच्या एका मुलीला दुसरा अल्बम घर ते कंपनी एवढ्या बसप्रवासात बरोबर पुरायचा. नोकरी सुटली त्या दिवशी तिने शेवटचं गाणं स्टॉपवर उभं राहून संपवलं आणि मग घरी गेली. पुण्याच्या अनंतने तिसऱ्या अल्बममधल्या एका गाण्यावर चार परिच्छेद लिहिले. ‘मेले, उठवू नको’ या ओळीत त्याला त्याची वारलेली आजी बोलताना ऐकू आली होती. खाली संघपालने लिहिलं, “भाऊ, ते ‘मले’ आहे. मले म्हणजे मला. जेवून आडवा झालेला माणूस आहे गा तो.” सत्तर जण हसले. अनंतने उत्तर दिलं, “असेल. मला अजूनही तसंच ऐकू येतं.”

मयुराही हसली होती, आणि त्याच भरात तिनेही लिहिलं. तिची मधुवंती तेव्हा सहा महिन्यांची होती. ‘माझी मुलगी याच गाण्यावर झोपते,’ तिने लिहिलं. ‘दुसरं लावलं तर डोळे टक्क उघडे. तिसरं कडवं येईपर्यंत गाढ. या बँडची सगळ्यात लहान श्रोती आमच्या घरी आहे.’ चारशे बारा जणांना ते आवडलं. बँडच्या ड्रमरने बाळाला नमस्कार सांगितला.

खरं तर मयुराइतकं बारीक लक्ष कुणाचं नसेल. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई; मुलगी दूध किती प्याली, शी कशी झाली, कोणता दात कोणत्या तारखेला दिसला, सगळं वहीत. ताप नसताना थर्मामीटर लावायची. नवरा सुशील मौद्याला प्लँटवर शिफ्टमध्ये असायचा, तो म्हणायचा, “तू पोरीले वाढवून राहिली की तिच्यावर पीएचडी करून राहिली?”

शंका आधी आली ती सासूला. पंचफुलाबाईंच्या हातून ओट्यावरची परात पडली. मयुरा आतल्या खोलीतून धावत आली. मधुवंती परातीपासून दोन हातांवर बसून सतरंजीचा धागा ओढत होती. तिने मान वर केली नाही.

“पोरगी आयकत नाही वं,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

“आई, गाण्यावर झोपते ती.”

“झोपते ना. परात काहून नाही आयकली मंग?”

“खेळात होती.”

सहाव्या महिन्यातल्या लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांनीही विचारलं होतं, आवाजाकडे वळते का? मयुराने हसून गाण्याचं सांगितलं. डॉक्टर हसले आणि कार्डावर लिहिलं: आईच्या म्हणण्यानुसार ऐकू येतं. जन्माच्या वेळची कानांची तपासणी राहून गेली होती. या ओळीमुळे ती आणखी पाच महिने राहिली. अकरावा महिना सरत आला, मधुवंतीने अजून ‘बाबा’तला ‘बा’सुद्धा काढला नाही, तेव्हा मयुराने स्वतःच धंतोलीतल्या एका दवाखान्यात नंबर लावला.

कानाच्या त्या तपासणीसाठी मूल झोपलेलं लागतं. सकाळपासून झोपू देऊ नका, असं फोनवर बजावलं होतं. पंचफुलाबाईंनी नातीला पहाटेपासून अंगणात फिरवलं, तोंडावर पाणी मारलं. अकरा वाजता दवाखान्यात पोचल्या तेव्हा मधुवंती रडून रडून लाल झाली होती.

मोनाली मॅडम ऑडिओलॉजिस्ट होत्या. मयुराहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी बाळाच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या.

“कशी झोपते?”

“गाण्यावर,” मयुराने पर्समधून फोन काढला.

“फोन बाहेर ठेवा, ताई. या खोलीत चालत नाही. मशीन त्याचंच काहीतरी पकडतं.”

“पण गाण्याशिवाय ती झोपतच नाही.”

“बघा तरी. नाहीच झोपली तर औषध देऊ.”

फोन बाहेर बसलेल्या पंचफुलाबाईंकडे गेला. खोलीचं जाड दार लागलं तसा रस्त्यावरचा सगळा आवाज तुटला. मयुराने मुलीला मांडीवर घेतलं. हात सवयीने पाठीवर गेला: दोन हळू, एक जोरात, दोन हळू. गाण्याच्या ड्रमचा हाच ठेका. इतक्या महिन्यांत तो हातात बसला होता. गाताही येईल, तिच्या मनात आलं. तिने ओठ मिटून ठेवले आणि फक्त थोपटत राहिली.

मधुवंतीने तिचा कुर्ता मुठीत धरला. पापण्या जडावल्या. तिसरं कडवं जिथे आलं असतं, त्याच्या थोडं आधीच तिची मूठ सुटली.

“झोपली की लगेच,” मोनाली मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मयुराने थोपटणारा हात थांबवला. दुसरी गाणी लावली की आपला हात दुसऱ्या ठेक्याने पडायचा, हे तिने वहीत कधी लिहिलं नव्हतं. मशीन अजून सुरूही झालं नव्हतं, आणि तिला कळलं होतं.

मशीन पाऊण तास चाललं. पडद्यावर रेघा येत राहिल्या; मयुरा त्याच बघत होती, कळत नसूनही.

“दोन्ही कान,” मोनाली मॅडम म्हणाल्या. “सत्तर डेसिबलच्या खाली काही पोचत नाही. म्हणजे आपलं बोलणं नाही पोचत. कानाचं मशीन लावलं की पुष्कळ पोचेल, पण रोज लावावं लागेल, आणि शिकवावंही लागेल. तुम्हाला कधी लक्षात आलं?”

“माझ्या सासूला आलं. मी म्हणत होते, ऐकू येतं. डॉक्टरांनाही मीच तसं सांगितलं. माझ्यामुळे पाच महिने गेले, हे लिहून घ्या.”

मोनाली मॅडमनी पेन उचललं, मग खाली ठेवलं. “इथे येणाऱ्या बहुतेक आया हेच सांगतात. कोणाचं बाळ स्कूटर ओळखतं, कोणाचं बापाचा आवाज. मशीनसाठी कानाचा साचा घेऊ का? झोपेतच बरा घेता येतो.”

“घ्या.”

मऊ पिठासारखा गोळा मधुवंतीच्या कानात भरला गेला. ती हलली नाही. दार उघडून पंचफुलाबाई आत आल्या, तेव्हा मॅडम साच्याच्या रंगांचा तक्ता दाखवत होत्या. मयुराने सासूला दोन वाक्यांत सांगितलं. पंचफुलाबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी नातीच्या पायाचा अंगठा हातात धरला.

“कातडीच्या रंगाचा घे,” त्या म्हणाल्या. “अन् जावळ काढू नको एवढ्यात. केसात लपून जाईन.”

“जावळ ठरल्या तारखेलाच काढू, आई.” मयुराने तक्त्यावर बोट ठेवलं. “लाल द्या. सतरंजीवर पडला तरी लगेच दिसला पाहिजे.”

“आमच्या सतरंजीत लालच पट्टे हायेत वं,” पंचफुलाबाई म्हणाल्या.

मयुराने बोट उचललं आणि पिवळ्यावर ठेवलं.