पेंडीचं पोतं

"मेजर, गाडी पुन्हा नाक खाली घालून बसलीया," पारस फोनवर म्हणाला, आणि माझं बिस्किट तुटून चहात पडलं.

गाडी त्याच्या वडिलांची, तवनाप्पांची. पण दुरुस्त करून दिलेली गाडी आठ दिवसांत बिघडली, की ती मेकॅनिकच्याच गळ्यात येते. खरं तर मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्या सातारा भागात पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात, आणि मीही कधी कुणाला अडवलं नाही. सव्वीस वर्षं लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या. आता उंब्रजला सर्व्हिस रोडवर माझं गॅरेज आहे.

"सोमवारी पाचगणीचा माणूस येतोय," पारस पुढं म्हणाला. "पर्यटकांना फिरवायला घेतो म्हणतोय. देऊन टाकतो. मागच्या म्हैन्यात अण्णा पाण्याच्या चारीत उलटता उलटता वाचले. गाडीपायी माणूस जायचा."

ती जाड चाकांची, मोटारसायकलसारख्या हँडलची चारचाकी होती. शहरातली पोरं मजेसाठी चालवतात तसली. तवनाप्पांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, उजवा पाय मात्र लुळाच राहिला. चाळीस वर्षं पायी तुडवलेल्या द्राक्षबागेत जायला त्यांना तेवढाच एक आधार होता. गाडी गेली की ते सोप्यातल्या कॉटवर आणि बाग लांब, एवढं मला कळत होतं. म्हणून तर बिस्किट तसंच चहात राहिलं.

पहिल्या वेळी पारस एकटाच गाडी टेम्पोत घालून गॅरेजवर आला होता, आणि मी काम मनापासून केलं होतं. पुढच्या शॉकअपच्या स्प्रिंगा थकल्या होत्या, त्या बदलल्या. स्प्रिंगांना ताण देणाऱ्या खालच्या कड्या आवळल्या. मग वजन टाकून तपासायचं होतं. पलटणीत आम्ही वाळूची पोती ठेवायचो. पारसनं वडिलांचं वजन बासष्ट किलो सांगितलं होतं. सरकी पेंडीचं पन्नास किलोचं पोतं आणि बारा किलोची जुनी बॅटरी सीटवर ठेवली. गाडी पुढून दोन बोटं खाली बसली, अगदी बसायला हवी तेवढीच.

आमची राणी तेव्हाच म्हणाली होती, "त्या म्हाताऱ्या मानसालाच बोलवा की. पोत्याला काय कळतंय?"

"वजन ते वजन," मी म्हणालो होतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी बायकोचं ऐकायची सवय काही लागली नाही.

फोन आला त्याच शनिवारी हत्यारांची पिशवी घेतली आणि सांगलीची एसटी धरली. त्यांच्या मळ्यात पोचलो तेव्हा चार वाजले होते. तवनाप्पा सोप्यात कॉटवर बसले होते. धुतलेली टोपी, हातात सकाळचंच वर्तमानपत्र. मला बघून त्यांनी ते आणखी वर धरलं.

पारस गाडीवर बसला. गाडी सरळ उभी राहिली.

"अण्णा, तुमी बसून दावा," मी म्हणालो.

"मी बसल्यावर काय बघायचं हाय? तमाशा हाय व्हय?"

त्यांचा पाय उचलायला पुढं निघालेल्या राजमतीताई, त्यांच्या पत्नी, दारातच थबकल्या. मला तेव्हा कुठं उमगलं. बायकोनं पाय उचलून ठेवल्याशिवाय या माणसाला गाडीवर चढता येत नव्हतं, आणि ते परक्यानं बघावं हे त्यांना नको होतं. म्हणूनच ते उंब्रजला आले नव्हते. आणि मी त्यांना बोलावलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"अण्णा, तुमची काय चूक न्हाई," मी म्हणालो. "चूक माझी हाय. तुमच्या जागी मी पेंडीचं पोतं बसवलं हुतं."

वर्तमानपत्र खाली आलं. "कसली पेंड?"

"सरकीची."

"ऐकलंस का गं?" ते आत बघून ओरडले. "मेजरनं मला सरकीची पेंड केलंय!" आणि असे खळखळून हसले की पारस बघतच राहिला. हसता हसताच त्यांनी काठी मागितली.

ताईंनी पाय उचलून ठेवला, मी नजर शॉकअपवरच ठेवली. गाडी चालू झाली, हात-दोन हात गेली, आणि उजवा पाय पायठाणावरून घसरला. पडू नये म्हणून अण्णांनी दोन्ही हातांनी हँडल कवटाळलं आणि छाती त्यावर टाकली. गाडीचं नाक चार बोटं खाली गेलं. पोतं सीटवर बसलं होतं, माणूस हँडलला लोंबकळत होता. बासष्ट किलो तेच, पण सगळे पुढे.

गोठ्यामागं जुना टायर आणि लोखंडी पट्टी मिळाली. पायठाणावर टाचेसाठी आणि बाहेरच्या अंगाला उंच कड बसवली. पारस म्हणाला, वरून पट्टा बांधू. मी नको म्हणालो. गाडी उलटलीच तर पाय मोकळा सुटला पाहिजे. हँडल थोडं मागं घेतलं, मोडक्या खुर्चीची पाठ सीटमागं आवळली.

अण्णा पुन्हा बसले. पाय कडेत राहिला. त्यांनी पाठ टेकली, हात सैल सोडले. मी खाली वाकून बोटं लावली. दोन.

"एक चक्कर मारून येतो," ते म्हणाले.

"जेवून जावा की," ताई म्हणाल्या. "दिवस बुडायला आलाय."

"आलो गं."

हे जैन घर. सूर्य बुडाला की अन्नपाणी बंद. पाहुणा म्हणून मला आधी वाढलं, पारसही जेवला. अण्णांचं ताट झाकून ठेवलं होतं. बागेच्या पार टोकाकडून गाडीचा आवाज येत होता, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत.

"बोलवून आणू का?" पारस उठला.

ताई दारात उभ्या होत्या. ऊन आंब्याच्या शेंड्यावर गेलं होतं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

शेंड्यावरचं ऊनही गेलं. पारसनं पाचगणीला फोन लावला आणि म्हणाला, "न्हाई, गाडी द्यायची न्हाई."

अण्णा आले तेव्हा अंगणातला दिवा लागला होता. टोपीवर वाळलेली पानं, अंगभर धूळ. आल्या आल्या पारसला सांगू लागले, खालच्या चार ओळींची छाटणी आधी घ्यायची, तिथली वेलाची काडी लवकर पिकलीय. मग त्यांचं आभाळाकडं लक्ष गेलं.

"कवा चुकलं न्हाई माझं," ते हळूच म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं एकदाबी न्हाई."

मला वाटलं, ताई आता बोलतील. त्यांनी पाय उचलून खाली घेतला, काठी हातात दिली आणि झाकलेलं ताट तसंच आत नेलं.

अण्णा माझ्याकडं वळले. "मेजर, तुमच्या पोत्याला सांगा. तवनाप्पा आज उपाशी झोपणार हाय म्हणावं."

आतून ताईंचा आवाज आला, "सकाळी लवकर करते."