कापसात ठेवलेली अंडी

मानमोडीच्या रोगानं पंधरा दिवसांत गावातले सगळे कोंबडे नेले, कोंबड्याही दोन-तीनच उरल्या. सत्यभामेच्या खुराड्यात एक तलंग, कोवळी कोंबडी, राहिली, अन् कोंबडा जिवंत असताना तिनं घातलेली नऊ अंडी. त्यांतून एखादा नर निघाला तरच गावात पुन्हा बांग ऐकू येणार होती.

तलंग अजून खुडूक होत नव्हती. ती अंड्यांवर बसेपर्यंत अंडी थंड राहिली पाहिजेत, हे सत्यभामेला आईनं शिकवलेलं. रांजणामागे राखेच्या टोपलीत, टोक खाली करून तिनं ती मांडली होती. रोज सकाळी देवाचं नाव घेत एकेक फिरवायची. माहेरी, चांदूरला, कीर्तनाचा सप्ताह होता. चार दिवसांसाठी निघताना नवऱ्याला, चंद्रभानला, बजावून गेली, "नुसते फिरवा. जागचे हलवू नोका."

परत आली तर टोपलीत नुसती राख.

"कापसात ठेवले," चंद्रभान कौतुकानं म्हणाला. "पौषाची थंडी केवढी! लेकरावानी गुंडाळले."

सातासमुद्रापलीकडे लढाई लागली तेव्हापासून कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. भाव आणखी चढेल म्हणून त्यांच्या माजघरात आढ्यापर्यंत कापूस कोंबलेला. सत्यभामेनं ढिगात हात घातला. दहिवरातच वेचलेला, ओलसर, दबून बसलेला कापूस आतून कोंबडीच्या पोटासारखा ऊन लागला.

तिनं दार लोटलं अन् फटीतून येणाऱ्या उन्हाच्या रेघेपुढं एकेक अंडं धरलं. दोन अंड्यांत नुसतं तांबडं कडं होतं, ती गेलेली. सातांत कोळ्याच्या पायांसारखे बारीक लाल धागे.

"जीव धरला यायनं," ती म्हणाली. "आता थंडे पडले तं मरतीन. कापसाच्या भरवशावर किती दिस जगतीन?"

"मले वाटलं..."

"तुमाले माया आली, दिसते ना मले. ओरडू तरी कोनावर?"

शेजारच्या पार्बताबाईची कोंबडी चार दिवसांपासून खुडूक होऊन रिकाम्याच खुराड्यात बसली होती. पण रोग पार्बताबाईच्या अंगणातूनच आला, असं सत्यभामा विहिरीवर चारचौघींत बोलली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

सातही अंडी पदरात पोटाशी धरून ती गेली.

"या बाई!" पार्बताबाई म्हणाली. "माह्या आंगनातला रोग नाई लागन का आता?"

"अर्धे पिल्लं तुमचे."

"ते तं रीतच हाय, घेईनच. पन विहिरीवर बोलली ते विहिरीवरच गिळ."

रोग कुठून आला हे सत्यभामेला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आताही नव्हतं. "गिळीन. आदी अंडे ठेवू द्या, बाई. थंडे होऊन राह्यले."

कीर्तनात बुवा सांगत, चुकलेल्याला देव जवळ घेतो, तेव्हा तिचे डोळे भरून येत. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आपलीच चूक सांगायच्या आधी मात्र तिनं घासलेलीच घागर पुन्हा घासली. मग सांगितली. बाया ऐकून घागरी भरत राहिल्या.

कोंबडीखाली ठेवल्यापासून अठराव्या दिवशी दोन पिल्लं निघाली. उरलेली पाच अंडी चंद्रभाननं कुंपणाजवळ खड्डा करून पुरली, अन् बराच वेळ उठला नाही.

"एक तुह्यं, एक माह्यं," पार्बताबाई पिल्लं हातावर घेत म्हणाली. "कोनतं घेतं?"

सत्यभामेनं दोन्ही न्याहाळली. सारखीच पिवळी, सारखीच ओरडणारी.

"नर हाय का वं एखादा?" चंद्रभाननं कुंपणाआडून विचारलं.

महिना-दीड महिना तरी ते कळणार नव्हतं. "इतक्यात वाटनी नोको," सत्यभामा म्हणाली. पार्बताबाईनं पिल्लं परत कोंबडीच्या पंखाखाली सरकवली.