फेस्टीच्या परातीतले किडे

"उतारा देणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत. आणि गुण आला नाही, तर ते कुणाला सांगायचं नाही. बोललीस की उतारा बाटला."

आईचा तो आवाज पंचवीस वर्षं बार्ब्राच्या कानात घर करून होता. आजही होता. फेस्टी मॅनियनच्या घरात दारापर्यंत माणसं दाटली होती आणि तिच्या मांडीवर नऊ वर्षांची डीलिया होती. गाल फुगून डोळा मिटलेला, अंग चुलीतल्या निखाऱ्यासारखं.

म्हातारा फेस्टी सातव्या मुलाचा सातवा मुलगा, म्हणजे आयर्लंडच्या त्या खेड्यात जन्मतःच हाताला गुण असलेला. दाताच्या किड्यांशी त्याची जणू घरोब्याची ओळख. "या रे, बाहेर या, बाहेर वारा गार आहे," असं त्यांना चुचकारत त्याने पाण्याच्या परातीवर तापलेलं फावडं आडवं धरलं, त्यावर चिमूटभर रानझुडपाचं बी टाकलं आणि डीलियाचं तोंड धुरावर उघडं धरलं. परातीतल्या पाण्यात पांढरे, बारीक, वळलेले किडे पडले. बायांनी क्रुसाची खूण केली.

गॉलवे शहराला जाणारी डाकेची मोटार चढावर थांबवून नर्स गेरॅटी आत आली. जबड्यात पू झालाय, घशात उतरला तर पोर हातची जाईल, गॉलवेच्या इस्पितळात चला, असं ती तीन दिवस बार्ब्राला विनवत होती. गर्दीतला म्हातारा मार्टिन म्हणाला, किडे आम्ही डोळ्यांनी पाहिले, बाई.

नर्सने परातीतलं पाणी बदललं, फावडं पुन्हा तापवलं, बी टाकलं. वर कुणाचंच तोंड नव्हतं. तडतड झाली. पाण्यात तसेच किडे पडले.

"आता सांगा, या फावड्याचा कुठला दात किडला होता?"

कुणीतरी फिसकन हसलं. परातीला मघाचा वास लागलाय, असं फेस्टी पुटपुटला. मग दुसरी आणा, नर्स म्हणाली. तो जागचा हलला नाही.

"बी तापलं की फुटतं. आतला पांढरा कोंब उडतो, तो हा किडा. धुराने तोंड घटकाभर बधिर होतं, पण पू तिथंच राहतो. माझंही खरं मानू नका. घरी जाऊन स्वतः करून बघा."

मार्टिनने मान हलवली. "ते असेल. पण फेस्टीकडून गुण आला नाही, असं आजवर एकाने तरी म्हटलंय का?"



बार्ब्रा लेकीला उचलून उठली आणि दाराकडे निघाली. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा ती थांबली.

"मी म्हणते, मार्टिनदादा. माझ्या भावाचे, कोलमनचे नऊ किडे पडले होते, याच चुलीपुढे. सहाव्या दिवशी तो गेला. मी बारा वर्षांची होते, आणि तेव्हापासून गप्प आहे."