एक नंबरचा कागद

शिस्तीचा मला रोगच आहे म्हणा. बारामतीत शाळेच्या मुलींना हॉकी शिकवताना मी दोनच वाक्यं ओरडत असतो: सांगितलंय ते करा, आणि उलट विचारू नका. यंदा मे महिन्याच्या सुट्टीआधी आठवडाभर खपून मी प्रत्येक मुलीचा वेगळा सराव कागदावर लिहिला. जिचं जे कच्चं, तेवढंच तिला. एका शिबिरात बघितलं होतं म्हणून वर नावं न टाकता जर्सीचे नंबर टाकले. हौसेला मोल नसतं, अक्कल मात्र लागते.

आमच्या मुली जर्सी एकाच तारेवर वाळत घालतात आणि जी वाळलेली हाताला लागेल ती अंगात घालतात. हे मला माहीत होतं. पण एसटीची वेळ झालेली. मी नंबर पुकारले, कागद वाटले आणि मुली आपापल्या गावी गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी नरसिंहपूरहून रेश्माचा फोन आला. ही आमची गोलकीपर. मला गोल मारायचा सराव कसा काय, असं तिनं चाचरत विचारलं. मी खेकसणारच होतो, तेवढ्यात आठवलं की त्या दिवशी रेश्माची एक नंबरची जर्सी मोनाच्या अंगात होती.

म्हणजे रेश्माचा कागद मोनाकडे गेला होता. रेश्मासाठी मी लिहिलं होतं: रोज चाळीस चेंडू, दहा पावलांवरून, जोरात मारायला सांगायचे. अंगावर घ्यायचे. जागा सोडायची नाही, तोंड फिरवायचं नाही. रेश्माकडे हेल्मेट आहे, पायांना पॅड आहेत, म्हणून ते वेगळं लिहिलं नाही. मोना पुढं खेळणारी, तिच्याकडे यातलं काहीच नाही. आणि हॉकीचा चेंडू म्हणजे दगडच.

मोनाच्या घरी, पळसदेवला फोन लावला. मोनाची आई, फुलाबाई, म्हणाली की बापलेक आत्ताच चेंडू घेऊन धरणाकडं गेलेत.

"काल मांडी काळीनिळी पडली तिची. पन सरांनी लिवलंय म्हनती, आयकत न्हाय."

आधी पळत जा, थांबवा त्यांना, असं मी सांगेपर्यंत फोन कटला. परत लागलाच नाही.

मोटरसायकल काढली. भिगवण येईपर्यंत मला नुसता तिचा डोळा दिसत होता. पोरीचा डोळा गेला तर तिच्या बापाला काय सांगायचं, ते मी गाडीवर मोठ्यानं बोलून बघत होतो आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

धरणाचं पाणी उतरून गाळ वाळून टणक झालेला. लांबूनच दोघं दिसली. मोनाचा बाप सोनबा रोज भाजीच्या रानात कुदळ चालवणारा गडी. लाकूड फोडावं तशी त्यानं स्टिक उचलली होती. समोर मोना, साध्या पंजाबी ड्रेसवर. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाकेनं तिनं मान वळवली तर?

चेंडू सुटला. तिच्या कानाला घासून गेला. ती तसूभर हलली नाही.

मी धावत जाऊन सोनबाच्या हातातली स्टिक धरली. मग मोनाची हनुवटी वर करून बघितलं. दोन्ही डोळे शाबूत होते. मला रडू आलं, आणि सवयीनं मी तिच्यावरच ओरडलो, की अक्कल गहाण टाकली होती का, भीती कशी वाटली नाही.

"तुमीच शेवटी लिवलंय की, सर," तिनं कागद पुढं केला. "तू भीत नाहीस म्हनून."

"तो कागद रेश्माचा आहे, मोना. चूक माझी झाली."

तिनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग लांब पडलेल्या चेंडूकडं बघितलं.

"सर, आता मला भ्या वाटतंय," ती म्हणाली आणि बापाच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली.