पुलापलीकडची वडी

तामोत्सु कुनिएदा यांनी बत्तीस वर्षं लोकांना नापास केलं. तसं पासही केलं असेल कोणाकोणाला, पण ओगाकी गावात त्यांची ओळख उरली ती नापास करणारा माणूस म्हणूनच. गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घ्यायचे ते. मांडीवर तक्ता, हातात पेन्सिल, आणि शेजारी घाम पुसणारा उमेदवार. आरशात बघितलं नाही, नापास. बघितलं पण मान वळवून बघितलं नाही, नापास. बरं, असा माणूस निवृत्त झाल्यावर तरी शांत व्हावा की नाही? छे. मग बायकोनं भात वाढला की वाडगा कुठल्या बाजूला ठेवला यावर गुण कापायला लागले.

स्वतःची चूक मात्र त्यांना उभ्या जन्मात सापडली नव्हती. एकदा भाच्याच्या लग्नाला म्हणून ते भलत्याच सभागृहात शिरले. चूक दहाव्या मिनिटाला कळली. पण उठून जायचं म्हणजे कबूल करायचं, म्हणून शेवटच्या पदार्थापर्यंत बसून जेवले आणि अनोळखी नवऱ्यामुलाला संसारावर चार शब्द सुनावूनही आले. भाचा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

आणि मुलगाही. एकुलता एक, नाओफुमि. मात्सुएला एका मिठाईवाल्याकडे काम शिकायला गेला, तिथल्या मुलीत जीव अडकला, आणि मुलीच्या बापाची अट अशी की दुकान चार पिढ्यांचं आहे, तर जावयानं आमचं आडनाव घेऊन इथंच राहायचं. थोडक्यात घरजावई. नाओफुमि हे सांगायला घरी आला तेव्हा कुनिएदा म्हणाले, ‘‘आडनाव टाकायचं असेल तर बापालाही टाकून जा.’’ पोरानं जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि गेला. त्याला दीड वर्ष झालं.

गेल्या महिन्यात त्याचं आईला पत्र आलं. बाबा इथं येऊन सासऱ्यांपुढे रीतसर बोलले तर शरद ऋतूत लग्न करू. नाही आले तर आम्ही दोघं नगरपालिकेत जाऊन कागद भरून येऊ. बाबांची मर्जी. एवढंच.

तर कुनिएदांना बोलायचं होतं एक वाक्य. हिसाएनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ओकायामापासून अडीच तास आगगाडीत ते घोटून घेतलं होतं.

‘‘म्हणा. मुलगा तुमच्या पदरात घालतो, सांभाळून घ्या.’’

‘‘हे मुलीचा बाप म्हणतो.’’

‘‘आता मुलाचा म्हणेल. म्हणा.’’

‘‘मुलगा तुमच्या...’’ इथपर्यंत गाडी यायची आणि कुनिएदांना खोकला लागायचा. असा अकरा वेळा लागला. हिसाएनं खोकल्याच्या गोळ्या काढून दिल्या, त्याही त्यांनी खाल्ल्या. मात्सुए आलं तेव्हा वाक्य अजून अर्धंच होतं, आणि त्या गडबडीत दोघं उतरले, दरवाजे लागले, गाडी इझुमोच्या दिशेनं निघाली.

‘‘अहो, पिशवी?’’ हिसाए म्हणाली.

पिशवी वरच्या फळीवर. पिशवीत ओगाकीची भेट, बांबूच्या नळीत थापलेली पर्सिमन फळाची खास मिठाई, दोन दिवस आधी सांगून बनवून घेतलेली. रिकाम्या हातानं व्याह्याच्या दारात जाणं म्हणजे तिथूनच परत फिरावं अशी नामुष्की. फळीवर पिशवी कुणी ठेवली, काढायची कुणी, यावर फलाटावर थोडी चर्चा झाली. निकाल असा लागला की हिसाएची उंची कमी आहे, तेव्हा चूक तिची.

इझुमोला फोन करून पिशवी मागवायची तर दोन तास, आणि मुलीचे वडील कात्सुबे तीनच्या चहाला वाट बघत होते. मात्सुएत तीनचा चहा कुणासाठी थांबत नाही. कुनिएदा तडक स्टेशनातल्या दुकानात शिरले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, इथलं नसलेलं काहीतरी द्या. बाई विचारात पडल्या. इथल्या दुकानात सगळं इथलंच असतं साहेब, म्हणाल्या, फार तर इझुमोचं देते. हिसाएनं मात्सुएच्या तळ्यातल्या शिंपल्यांच्या पाकिटाकडे बोट दाखवलं. कुनिएदांनी तिच्याकडे असं बघितलं की तिनं बोट मागं घेतलं. तळ्याकाठच्या माणसाला तळ्यातले शिंपले?

मग त्यांना एक पांढरा डबा दिसला. तांदळाच्या पिठाची आणि साखरेची, साच्यात दाबून केलेली वडी, आत युझू लिंबाचा पातळ थर. चवीला ठेवलेला तुकडा तोंडात टाकला तर विरघळला. चांगली होती.

‘‘ही कात्सुबेंची तर नाही ना?’’ कुनिएदांनी विचारलं.

‘‘नाही हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कात्सुबे स्टेशनावर माल ठेवत नाहीत.’’

झालं तर. त्यांची नाही म्हणजे प्रश्नच मिटला, असा हिशेब कुनिएदांनी केला. परीक्षकाचं डोकं, सगळीकडून बघितलेलं. बाकावर बसून नखानं दुकानाची चिठ्ठी खरवडून काढली, कागद सोडला, आणि डबा हिसाएच्या जांभळ्या रुमालात गाठ मारून बांधला. हिसाए म्हणाली, मिठाईवाल्याला मिठाई, तीही त्याच्याच गावची, खोटं सांगून? कुनिएदा म्हणाले, पाहुण्यादेखत भेट कुणी उघडत नसतं. आपण गेल्यावर उघडतील. आणि वडी ती वडी, तिच्यावर काय गावाचं नाव असतं?

नव्हतं नाव. तीन लाटा होत्या. डब्यातल्या प्रत्येक वडीवर तीन बारीक लाटा, आणि मात्सुएतलं शाळकरी पोरसुद्धा त्या लाटा बघून सांगेल की हा पुलापलीकडच्या नाकागामीचा माल. कात्सुबे आणि नाकागामी यांच्यात एक्केचाळीस वर्षं विस्तव जात नव्हता. कात्सुबेंनी शपथ घेतली होती की नाकागामीचा कणही जिभेवर ठेवणार नाही. नाकागामीनंही घेतली असणार. पूल मात्र दोघंही वापरायचे.

कात्सुबेंचं घर दुकानाच्या मागं, खंदकाच्या काठाला. कात्सुबे सडपातळ, पांढऱ्या भुवयांचे, बोलायला इतके मऊ की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागे. त्यांची मुलगी मिसातो दारात गुडघ्यांवर बसून वाकली. नाओफुमि तिच्या मागं होता, पांढऱ्या कपड्यांत, मनगटाला पीठ लागलेलं. त्यानंही वाकून नमस्कार केला, परक्याला करावा तसा. कुनिएदांना वाटलं, पोरगं वाळलंय. तोंडून निघालं, ‘‘सदऱ्याचं वरचं बटण उघडं आहे.’’ नाओफुमिनं बटण लावलं आणि भिंतीशी जाऊन बसला. हिसाएनं डोळे मिटून घेतले.

रुमालाची गाठ सुटली, डबा पुढं सरकला. ओगाकीची क्षुल्लक भेट, कुनिएदा म्हणाले. कात्सुबेंनी दोन्ही हातांनी कपाळाला लावून घेतला. आता तो देवघरासमोर जाईल आणि सुटलो, असं कुनिएदा मनात म्हणताहेत तोवर मिसातो फेसाळ हिरवा चहा घेऊन आली, आणि कात्सुबे डब्याचं झाकण काढत म्हणाले, ‘‘तुमचंच तुम्हाला वाढतोय, माफ करा. इतक्या लांबची मिठाई, चहाबरोबर आत्ताच घ्यावी म्हणतो.’’

हेही रीतीतच बसतं. पाहुण्यानं आणलेलं पाहुण्यालाच वाढायचं आणि वर माफी मागायची. कुनिएदा हे विसरले होते.

झाकण निघालं. तीन लाटा, चार ओळींत, चोवीस वेळा.

मिसातोच्या हातातला चहाचा वाडगा वाटेतच थांबला. नाओफुमिनं डब्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग छताकडे. कात्सुबेंच्या भुवया हळूहळू वर गेल्या आणि तिथंच थांबल्या. पण पाहुणा तो पाहुणा, त्यातून व्याही. त्याच्या तोंडावर खोटं पाडायचं म्हणजे स्वतःच्याच घरात स्वतःची अब्रू घालवायची.

‘‘ओगाकीत तळं आहे वाटतं,’’ कात्सुबे म्हणाले.

‘‘आहे,’’ कुनिएदा म्हणाले.

‘‘मोठं?’’

‘‘मध्यम.’’

हिसाएला ठसका लागला. कात्सुबेंनी वडी उचलली. एक्केचाळीस वर्षांची शपथ त्यांनी दोन बोटांत धरली, थोडा वेळ नुसती धरली, आणि तोंडात टाकली. ते डोळे मिटून चघळत राहिले, आणि मिसातोनं नंतर मैत्रिणींना सांगितलं की बाबांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो गेला, आणि मग जे आलं ते तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं.

‘‘ओगाकीचे कारागीर,’’ कात्सुबे अगदी हळू म्हणाले, ‘‘हुशार आहेत.’’

त्यांनी दुसरी वडी उचलली. मिसातोनं वाडगा खालीच ठेवला.

कुनिएदांना आता कळत होतं की काहीतरी बिनसलंय, पण काय ते कळत नव्हतं. त्यांनी भिंतीशी बसलेल्या मुलाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी रागावला की असेच व्हायचे. म्हणजे ओळखली, सगळ्यांनी ओळखली. कुनिएदांच्या पाठीवरून घाम वाहायला लागला. त्यांच्या गाडीत बसलेल्या उमेदवारांचं बत्तीस वर्षं काय होत असेल ते त्यांना पहिल्यांदाच समजलं.

आणि कात्सुबे तर खरोखरच विचारायला लागले. दुकानाचं नाव काय, पत्ता काय, आम्ही त्यांना आभाराचं पत्र पाठवू. इतकी नाजूक वडी करणाऱ्याला कारागिरानं कारागिराचा मान दिलाच पाहिजे. यात टोमणा किती आणि खरेपणा किती हे कात्सुबेंनाही सांगता आलं नसतं. मिसातोनं कागद आणि पेन आणून ठेवलं.

कुनिएदांनी तोंड उघडलं. नाव सुचेना. ओगाकीतल्या एकाही दुकानाचं नाव आठवेना, स्वतःचं तरी आठवतंय की नाही अशी अवस्था.

‘‘दुकान बंद पडलंय ते,’’ भिंतीकडून आवाज आला.

नाओफुमि पुढं सरकला होता. त्यानं सासऱ्याकडे सरळ बघितलं. ‘‘आमच्या घरामागच्या गल्लीत एक म्हातारे आहेत, ते आता फक्त ओळखीच्यांना करून देतात. मी लहानपणी खाल्लीय. तीच ही.’’

या मुलानं कात्सुबेंच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती. पाक एक थेंब जास्त कढला तरी स्वतः येऊन सांगायचा. तोच आता मालकाच्या, होणाऱ्या सासऱ्याच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होता, आणि त्या माणसाला हे खोटं आहे हे पक्कं माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे मुलालाही माहीत होतं. सगळं आयुष्य ज्यांच्या भरवशावर उभं करायचं त्यांच्यासमोर त्यानं स्वतःला खोटारडा ठरवून घेतलं. कुणासाठी? ज्यानं त्याला घरातून जा म्हटलं त्या बापासाठी.

कुनिएदांना हे सहन झालं नाही. दुसरं काहीही झालं असतं, कात्सुबे हसले असते, हाकलून दिलं असतं, तर ते ताठ बसून राहिले असते आणि शेवटच्या वडीपर्यंत खाऊन उठले असते.

‘‘खोटं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘असले म्हातारे बितारे कुणी नाहीत. ओगाकीत तळंही नाही. आमची पिशवी गाडीत राहिली. मी विसरलो. ही बुटकी आहे, पिशवी मीच ठेवली होती आणि मीच विसरलो. ही वडी स्टेशनावरून घेतली आणि चिठ्ठी बाकावर बसून खरवडली. पोरगा माझी लाज झाकतोय. त्याच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा.’’ ते थांबले. खोकला येईल असं हिसाएला वाटलं, तिचा हात पर्समधल्या गोळ्यांकडे गेला, पण खोकला आला नाही. ‘‘माझं चुकलं. आज चुकलं आणि दीड वर्षापूर्वी याला जे बोललो तेही चुकलं. ते जास्त चुकलं.’’

हिसाए नवऱ्याकडे बघतच राहिली. चौतीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं या तोंडून ऐकला नव्हता.

मग कुनिएदा गुडघ्यांवर मागं सरकले, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेलं. ‘‘कात्सुबेसान, मुलगा तुमच्या पदरात घालतो. सांभाळून घ्या.’’

वाक्य पूर्ण झालं. कात्सुबे गडबडीनं मागं सरकले आणि त्यांनीही कपाळ टेकलं. ‘‘इतका गुणी मुलगा दिलात,’’ चटईकडून त्यांचा मऊ आवाज आला, ‘‘माझ्यासारख्याच्या घरी दिलात. जिवापाड जपेन.’’ आणि मग आणखी हळू, ‘‘ती वडी मात्र खरंच चांगली आहे. हे या खोलीबाहेर जाऊ देऊ नका.’’

आता पंचाईत अशी की आधी डोकं कुणी वर करायचं? पाहुण्यानं केलं तर उर्मट, यजमानानं केलं तर त्याहून उर्मट. दोघंही वाकलेलेच. कात्सुबे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचे, कुनिएदा खालीच. मग तेही आणखी थोडे खाली जायचे. चहा गार झाला. मिसातोनं हिसाएकडे बघितलं, हिसाएनं मान हलवली, असंच राहू दे म्हणून.

नाओफुमि बापाच्या शेजारी येऊन बसला. त्यानंही कपाळ चटईला टेकवलं, इतकं जवळ की दोघांचे कान एकमेकांना लागत होते.

‘‘बाबा,’’ तो कुजबुजला, ‘‘उठा ना आता. ते म्हातारे आहेत, त्यांची कंबर धरेल.’’

‘‘थांब जरा.’’

‘‘का?’’

चटईवर कुनिएदांच्या नाकाखाली एक ओला ठिपका पडला होता, मग दुसरा पडला.

‘‘रडताय?’’

‘‘नाही,’’ कुनिएदा म्हणाले.

नाओफुमि नुसता तिथं तसाच वाकून राहिला, बापाच्या खांद्याला खांदा लावून, पीठ लागलेला हात त्यांच्या हाताशेजारी ठेवून.

‘‘हो,’’ कुनिएदा म्हणाले.