डावी भुवई

चमचा उलटा धरला तरी पाणी खाली पडत नाही... इतके महिने झाले तरी तिला ते खरं वाटत नव्हतं. साध्या पाण्यात डब्यातली भुकटी ढवळायची, जरा थांबायचं, की पाणी घट्ट होतं, चमच्याला धरून बसतं. बाबांना तेच द्यायचं, कारण साध्या पाण्याने ठसका लागतो आणि ते फुप्फुसात जातं. तिने चमचा सरळ केला, बाबांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी नेला. उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्यात गेलेली. डावीकडून तोंड उघडलं, चमचा आत गेला, गिळल्याचा आवाज आला. दुसरा चमचा. यात वाईट वाटण्यासारखं काहीतरी आहे हे तिला कळत होतं, वाटत मात्र नव्हतं. काल गरम चहाने जीभ पोळली, तेही तिला कप रिकामा झाल्यावर समजलं.

"बाबा, पोट भरलं?"

बाबा खिडकीकडे बघत होते... किंवा खिडकीच्या अलीकडे कुठेतरी.

"ईट," ती म्हणाली.

"एट. ईटन." ताबडतोब. खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज.

एवढंच उरलं होतं. मराठी गेली, हो-नाही गेलं, तिचं नाव गेलं, स्वतःचंही गेलं — आणि ज्याने अख्खा जन्म इंग्रजीचे काळ शिकवण्यात घालवला, त्या माणसाच्या तोंडात क्रियापदाची तीन रूपं तेवढी शाबूत राहिली. पहिलं रूप आपण म्हणायचं, पुढची दोन ते म्हणणार. गो म्हटलं की वेंट, गॉन. सी म्हटलं की सॉ, सीन. पहिल्यांदा हे झालं तेव्हा ती हातातलं सगळं टाकून दादाला फोन करायला धावली होती, बाबा बोलले, बाबा बोलले म्हणून. वाचाउपचाराच्या बाईंनी तो आनंद आठवड्याभरात निकालात काढला. "हे बोलणं नाही हो. पाढे म्हणताना आपण कुठे विचार करतो? तसंच. पण आपण ह्याचाच धागा धरू. रूपांवरून वाक्यावर आणू. तुम्ही रोज सराव घ्या — आणि तुमची रूपं मात्र चुकू देऊ नका हं, त्यांची चाकोरी मोडेल."

चुकू देऊ नका. हे सांगायला जगात दुसरं कोणी सापडलं नाही बाईंना.

मग पन्नाशीच्या उंबरठ्यावर गृहपाठ सुरू झाला. चष्म्याच्या दुकानात ती काउंटरवर असते. गिऱ्हाईक नसलं की ओठांतल्या ओठांत, काच पुसता पुसता — राइट, रोट, रिटन. टेक, टुक, टेकन. आता सगळी येतात. बाबांच्या हयातीत आली, पण त्यांना कळेल अशा बेताने आली नाहीत... हयातीत म्हणजे काय? ते तर समोर बसलेत, गळ्याला टॉवेल बांधून. तिने टॉवेलच्या टोकाने त्यांची हनुवटी टिपली आणि वाटी मोरीत नेऊन ठेवली.

आज दादाला उत्तर द्यायचं होतं. दादा लांबच्या शहरात असतो, पैशाला कमी करत नाही, आणि फोनवर सगळं नीट समजावून सांगतो. त्याने एक केंद्र पाहून ठेवलं होतं. चोवीस तास नर्स, स्वच्छ खोली, मोठी बाग. उद्या सकाळी त्यांची गाडी येऊ शकते, फक्त तिने हो म्हणायचं. "हे बघ ब्रंग, ते तुला ओळखत असते तर गोष्ट वेगळी होती. मी चकार शब्द काढला नसता. पण ज्याला कोण समोर आहे तेच कळत नाही, त्याला इथे काय अन् तिथे काय? तुझ्या जिवाची माती कशाला?" ती म्हणाली होती, उद्या सांगते. रात्री झोप मात्र लागली, नेहमीसारखी, धोंड्यासारखी.

ब्रंग. अजून तेच म्हणतो गाढव. शाळेत पडलेलं नाव घरापर्यंत पोचवणारा तोच. आठवीचा वर्ग, बाबा — नव्हे, सर. शाळेच्या फाटकाच्या आत बाबा म्हणायचं नाही — काळ्या पँटवर खडूची बोटं, आणि मुली एकामागून एक उभ्या राहतायत. सिंग, सँग, संग झालं. रिंग, रँग, रंग झालं. तिच्या वाट्याला आलं ब्रिंग. किती सोपं, तिला वाटलं, आणि ती आत्मविश्वासाने म्हणाली — ब्रिंग, ब्रँग, ब्रंग! वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. दुसऱ्या कुणाला सरांनी फळ्याशी उभं केलं असतं, दहा वेळा लिहायला लावलं असतं. तिला नाही. त्यांनी चष्मा काढला. डावी भुवई वर गेली, सावकाश. खालचा ओठ किंचित आत ओढला गेला. आणि मग डोळे मिटले, हे आता बघवत नाही असे. "पुढची," ते म्हणाले. पुढची मुलगी उठली आणि तिने बरोबर सांगितलं.

ती नजर मग घरी येऊन राहिली. भाजी करपली, की भुवई. परीक्षेचा निकाल, भुवई. इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी आणि इंग्रजीतच काठावर — दिव्याखाली अंधार, असं शेजारच्या काकू तोंडावर म्हणायच्या, आणि बाबा हसायचेही नाहीत, नुसती भुवई. लग्न केलं नाही, झालं नाही, दोन्ही रूपं चालतील, त्यावरही भुवईच. दादावर ते ओरडायचे, आईशी भांडायचे, विद्यार्थ्यांना बदडायचे आणि पुढे तेच विद्यार्थी पेढे घेऊन यायचे. ही नजर मात्र तिच्या एकटीची. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं ती आईला म्हणाली होती एकदा. आई म्हणाली, "अगं, तू त्यांची लाडकी म्हणून." लाडकी! डोंबलाची लाडकी.

दार वाजलं. दिवसभर बाबांजवळ थांबणाऱ्या मावशी आल्या, चपला काढता काढताच सुरू झाल्या. "काय सर, आज काय शिकवणार? ईट, ईटला, ईटलं!" मावशींना वाटतं, इंग्रजी क्रियापदाला मराठी शेपूट लावलं की काळ झाला. "गो, गोला, गोलं!" बाबा शांतपणे "वेंट, गॉन" म्हणाले. ना राग, ना काही. मावशींनी कितीही उजेड पाडला तरी ते असेच, नळाखाली बादली लावल्यासारखे, आपलं आपलं पुढे म्हणतात. ती पिशवी घेऊन दुकानात गेली.

दुकानात एक आजोबा आले होते. नवीन नंबरची काच डोळ्यासमोर धरून तिने विचारलं, "आता स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं?" ते म्हणाले, "ताई, सारखंच." तिने काच बदलली. सारखंच. आणखी एक बदलली. आजोबांना ओशाळल्यासारखं झालं, म्हणाले, "तुमची चूक नाही हो, माझेच डोळे गेलेत." मागच्या खोलीतून मालक हाक मारत होते. तिच्या मनात आलं, हो म्हणून टाकावं. रात्रीचं जेवण, औषधं, कूस बदलणं, चादर... एक हो, की सगळं दुसऱ्या कुणाचं. आणि बाबांचं काय? त्यांना इथे काय अन् तिथे काय. दादा म्हणतो त्यात खोट काढायला जागा नव्हती. जो माणूस आपल्याला ओळखत नाही त्याला पाठवलं, तर ते पाठवणं सुद्धा नव्हे. तिने तो निर्णय मनात फिरवून पाहिला. कुठेही टोचला नाही.

संध्याकाळी मावशी गेल्यावर ती बाबांच्या समोर स्टुलावर बसली. फोन उशाशी ठेवला. आज शेवटचा सराव, असं काही तिने मनात म्हटलं नाही; घ्यायचा म्हणून घेत होती.

"स्लीप."

"स्लेप्ट. स्लेप्ट."

"नो."

"न्यू. नोन."

"बाबा, मी कोण?"

खिडकी. खिडकीच्या अलीकडे.

"ब्रिंग," ती म्हणाली.

बाबा गप्प राहिले. असं कधी व्हायचं नाही. ओठ हलले, पण त्यातून काही निघेना. ती थांबली. बाहेर कुणीतरी शटर ओढलं. बाईंनी सांगितलं होतं, अडले तर तुम्ही पुढचं म्हणा, धागा तुटू देऊ नका — आणि पुढचं तिला येत होतं, झोपेतून उठवलं असतं तरी आलं असतं. ब्रॉट, ब्रॉट. तोंड उघडलं आणि त्यातून जे आलं ते तिने आणलं की आपसूक आलं, हे तिला सांगता आलं नसतं.

"ब्रँग," ती म्हणाली. "ब्रंग."

बाबांची मान वळली. खिडकीपासून, अलीकडच्या त्या जागेपासून, हळूहळू, थेट तिच्यापर्यंत. उजवा अर्धा चेहरा होता तसाच ओघळलेला, आणि डावीकडे... भुवई वर गेली. सावकाश. खालच्या ओठाची डावी बाजू आत ओढली गेली. काही क्षण ते तिच्याकडे बघत राहिले — तिच्याकडे, दुसऱ्या कुणाकडे नाही — आणि मग डोळे मिटले, हे आता बघवत नाही असे.

तिचे कान तापले. आठवीत तापले होते तसेच, पाळ्यांपासून मानेपर्यंत. किती महिन्यांनी काहीतरी लागलं होतं! तिला संताप आला, इतका की स्टूल सरकवून ती उभी राहिली. अहो, मी तुमचं तोंड पुसते, मी तुमचं हागलं-मुतलं काढते, आणि तुम्हाला नाव आठवत नाही, हो म्हणता येत नाही, आणि हे... हे तेवढं नीट जपून ठेवलंत? मावशी रोज मुडदे पाडतात क्रियापदांचे, त्यांच्यासाठी नाही. माझ्यासाठी.

म्हणजे मला ओळखलं.

ती खाली बसली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, हनुवटीपर्यंत आलं आणि पडलं. साधं, पातळ पाणी. तिने ते पुसलं नाही.

उशाशी फोन वाजू लागला. दादा. काय सांगायचं त्याला? ओळखतात म्हणून? कशावरून, तो विचारील, नाव घेतलं का तुझं? नाही रे, नाव नाही घेतलं. मग? ओळखत असते तर गोष्ट वेगळी, तो म्हणाला होता; पण वेगळी म्हणजे कशी, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. सकाळी जायचा होता तो कुणीतरी म्हातारा होता, त्याला पाठवता आलं असतं. हे तर बाबाच निघाले. ह्यांना ठेवून घ्यायचं, रोज, ही भुवई वर जाईल म्हणून वाट बघत? की हेच सगळं ओळखून, ह्यांनाच, गाडीत बसवायचं?

फोन थांबला. पुन्हा वाजू लागला.

बाबांनी डोळे उघडले होते. त्यांची नजर परत खिडकीकडे सरकायला लागली होती, आणि ती घाईघाईने पुढे झुकली, त्यांच्या आणि खिडकीच्या मध्ये आपलं तोंड आणलं.

"टीच," ती म्हणाली, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत, वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाली, "टीच्ड! टीच्ड!"

आणि तापल्या कानांनी ती भुवईकडे बघत राहिली.